वर्ल्ड रँक तीनशे, मग फ्लेक्स का नाही?

नीटचा निकाल लागला की लातूरच्या शिवाजी चौकातून नाहीतर नांदेडच्या भाग्यनगर रोडवरून एक चक्कर मारून बघा. मान वर करूनच चालावं लागतं. जिकडे तिकडे फ्लेक्स. गळ्यात हार, शेजारी पेढा भरवणारे आई-बाबा आणि खाली मोठ्या आकड्यात ऑल इंडिया रँक. रँक तीनशेच्या आत असेल तर मग विचारूच नका. क्लासवाले वेगळा फ्लेक्स लावतात, गावाकडचे वेगळा, गल्लीतलं मित्रमंडळ वेगळा.

आता मला एक सांगा. आपल्या भागातली एखादी मुलगी देशात नाही, जगात तीनशेवी आली तर?

हा प्रश्न मी घरी विचारून पाहिला. काका पेपर वाचत बसले होते. म्हटलं, "काका, एक पोरगी टेनिसमध्ये जगात तीनशेवी आहे." काकांनी पेपर खाली न घेताच विचारलं, "तीनशेवी? मग पोट कसं भरायलंय तिचं?"

मला आधी राग आला. नंतर वाटलं, काका चुकीचं काही बोलले नाहीत. प्रश्न बरोबरच आहे. फक्त तो विचारून आपण पुन्हा पेपरात डोकं घालतो, उत्तर ऐकायला थांबत नाही. म्हणून हा लेख.

२०१६ चं वर्ष आठवतंय?

लातूरकरांना हे वर्ष विसरता येत नाही. मी तेव्हा सातवीत होते. घरात घागरी, बादल्या, पिंप, मिळेल ते भांडं भरून ठेवलेलं असायचं. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, 'जलदूत'. आम्ही पोरं ती बघायला गेलो होतो. ही गाडी पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी असं करत लातूरला यायची. पाऊस पडेपर्यंत तिच्या फेऱ्या चालू होत्या.

त्याच ऑगस्टमध्ये, त्याच बार्शीची एक मुलगी ब्राझीलमध्ये रिओ ऑलिंपिकच्या टेनिस कोर्टवर उभी होती. तिचं नाव प्रार्थना ठोंबरे. वय २२, म्हणजे आज माझं आहे तेवढंच. शेजारी जोडीदार म्हणून सानिया मिर्झा, जी तेव्हा डबल्समध्ये जगात पहिली होती. समोर चीनच्या पेंग शुआई आणि झांग शुआई. त्यातली पेंग स्वतः एकेकाळी डबल्समध्ये जगात पहिली होती. पहिल्याच फेरीची मॅच, तीन सेट चालली. ६-७, ७-५, ५-७. आपल्या मुली हरल्या.

बार्शी जिल्ह्याने सोलापूरची, पण आपल्याला काही परकी नाही. लातूरहून शंभरएक किलोमीटर. येडशी ओलांडली की आलीच. तरीही खरं सांगते, मला पाण्याची रेल्वे आठवते, प्रार्थना आठवत नाही. शाळेत कुणी सांगितलं नाही, घरात विषय निघाला नाही. तिच्याबद्दल मला कळलं ते आत्ता, या पेपरात इंटर्नशिपला आल्यावर, खेळाडूंवर काहीतरी लिहायला सांगितलं तेव्हा. आणि तेव्हाही मी सगळ्यात आधी काय शोधलं माहितीय? तिचं रँकिंग! मीसुद्धा काकांचीच पुतणी.

तीनशेच्या आत असणं म्हणजे काय

तर रँकिंगचीच गोष्ट करू. सिंगल्समध्ये प्रार्थना पहिल्या शंभरात कधी आली नाही. डबल्समध्ये ती दोनशेच्या आत पोहोचली. 'म्हणजे काही खास नाही,' असं म्हणून पान उलटणार असाल तर जरा थांबा.

रिओच्या वेळी नियम असा होता की डबल्समध्ये जगात पहिल्या दहात असलेल्या खेळाडूला थेट प्रवेश मिळायचा आणि ती स्वतःच्या देशाची एक जोडीदार सोबत नेऊ शकायची. अट एकच, त्या जोडीदाराचं रँकिंग तीनशेच्या आत हवं. सानिया पहिल्या दहात होतीच. तिच्या शेजारी उभं राहायला देशात कुणीतरी तीनशेच्या आत असणं भाग होतं. ते 'कुणीतरी' होण्यासाठी प्रार्थना त्याआधीची कित्येक वर्षं कॅमेरे नसलेल्या, प्रेक्षक बोटावर मोजण्याइतके असलेल्या स्पर्धा खेळत होती. त्याआधी २०१४ ला इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत सानियाबरोबर तिने डबल्सचं ब्राँझ आणलं होतं. हैदराबादला सानियाच्या अकादमीत ती सराव करायची. आपण हैदराबादला दवाखान्यासाठी आणि लग्नाच्या खरेदीसाठी जातो, ती टेनिससाठी गेली.

आणि हे फक्त प्रार्थनाचं नाही. २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिक्स्ड डबल्सचं गोल्ड जिंकणारी ऋतुजा भोसले आठवते? महाराष्ट्राचीच. अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळलेली. सिंगल्समध्ये तीही पहिल्या दोनशेच्या बाहेरच. फायनलला चायनीज तैपेईच्या जोडीविरुद्ध पहिला सेट २-६ असा गेला होता. तिथून पुढे ६-३, १०-४. त्या दिवशी टीव्हीसमोर नाचताना ऋतुजाचं रँकिंग किती, हे कुणाला आठवलं का?

अंकिता रैना अहमदाबादची, पण टेनिससाठी पुण्यात आली, हेमंत बेंद्रे सरांकडे शिकली. तिचं सिंगल्समधलं सर्वोत्तम रँकिंग १६०. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सिंगल्सचं ब्राँझ तिने आणलं आणि टोकियो ऑलिंपिकला सानियाची जोडीदारही तीच होती. म्हणजे बघा, देशाला मेडल हवं असतं तेव्हा आपण या मुलींच्या दारात जातो. मधल्या तीन-चार वर्षांत त्या कुठे असतात, काय खातात, कशा राहतात, हे कुणी विचारत नाही.

दर सोमवारी निकाल

आता काकांच्या प्रश्नाकडे येऊ. पोट कसं भरतं?

टेनिसमध्ये पगार नसतो. स्पर्धा खेळा, जिंका, बक्षीस घ्या. सगळ्यात खालच्या पायरीवर डब्ल्यू १५ नावाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा. एकूण बक्षीस १५ हजार डॉलर. आकडा मोठा वाटतो, पण तो सगळ्या खेळाडूंत वाटला जातो. सिंगल्स जिंकणारीला दोन हजार डॉलरच्या आसपास मिळतात, म्हणजे पावणेदोन लाख रुपये धरा. पहिल्या फेरीत हरणारीला दीडशे-दोनशे डॉलर. डबल्सला याहून कितीतरी कमी आणि तेही दोघींत वाटून. यातून विमानाचं तिकीट, व्हिसा, हॉटेल, जेवण, रॅकेटच्या तारा, फिजिओ. कोचला सोबत न्यायचं तर त्याचाही खर्च आपणच करायचा. म्हणून बहुतेक जणी एकट्याच फिरतात. खोलीही दोघी-तिघी मिळून घेतात. सकाळी ज्या मैत्रिणीबरोबर एका ताटात नाश्ता केला, दुपारी तिच्याच विरुद्ध मॅच!

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१३ सालचा हिशोब मांडला होता. जगभरात त्या वर्षी व्यावसायिक स्पर्धा खेळलेले स्त्री-पुरुष खेळाडू सुमारे १४ हजार. त्यातल्या जवळपास निम्म्यांना बक्षिसाचा एक डॉलरही मिळाला नव्हता. खर्च आणि कमाई यांची तोंडमिळवणी व्हायला मुलींमध्ये साधारण २५३ व्या क्रमांकापर्यंत पोहोचावं लागत होतं. त्यातही कोचचा खर्च धरलेला नव्हता. म्हणजे जगात तीनशेवी असलेली मुलगी पदरमोड करून खेळत होती. असा दुसरा कुठला पेशा आहे, जिथे जगात तीनशेव्या क्रमांकाच्या माणसाला स्वतःचे पैसे घालून काम करावं लागतं? जगातला तीनशेवा हार्ट सर्जन विचार करा. तीनशेवा सोडा, आपल्या डॉक्टर लेनमधला तिसावासुद्धा उपाशी नाही.

थोडं वर गेलं की चित्र पालटतं. ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये २०२५ ला पात्रता फेरीची पहिलीच मॅच हरणाऱ्या खेळाडूलाही ३५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर होते, म्हणजे १८-१९ लाख रुपये. पण त्या पात्रता फेरीत शिरायला रँकिंग साधारण २३०-२४० च्या आत लागतं. २३५ आणि २६५ यांच्या खेळात किती फरक असतो? एखाद्या सेटचा, कधीकधी दोन-चार पॉइंटचा. पैशात मात्र एवढा मोठा फरक. नीटला एका मार्काने सरकारी कॉलेज हुकलेला मित्र तुमच्याही वर्गात असेल. त्याला विचारा, तो बरोबर समजून घेईल.

आणि अजून एक. टेनिसचे गुण ५२ आठवडेच टिकतात. यंदा मार्चमध्ये कमावलेले पुढच्या मार्चमध्ये पुसले जातात. पुन्हा कमवा. गुडघा दुखावला आणि सहा महिने घरी बसलात तर तिकडे रँकिंग घसरतच असतं. दर सोमवारी नवीन यादी. तुमचे बारावीचे मार्क दर वर्षी पुसले गेले असते तर? दर सोमवारी घरात निकाल लागला असता तर? आपण एका निकालाने आठ दिवस जेवत नाही. या मुली वर्षाला पंचवीस-तीस स्पर्धा खेळतात आणि बहुतेक प्रत्येकीत कधी ना कधी हरतात. ३२ जणींच्या स्पर्धेत ३१ जणी हरूनच घरी जातात, हिशोबच तसा आहे. हरून रात्रीच्या गाडीत बसायचं आणि सोमवारी दुसऱ्या गावात पुन्हा उभं राहायचं, ही त्यांची नोकरी.

मला वाटतं, हे आपल्याला कुणी शिकवलंच नाही. लातूर पॅटर्नने आपल्याला जिंकायचं कसं ते शिकवलं, आणि त्याचा मला अभिमानही आहे. पण सोमवारी हरून मंगळवारी पुन्हा सरावाला जायचं कसं, याचा क्लास उद्योग भवनात अजून तरी निघालेला नाही.

'टेनिस श्रीमंतांचा खेळ आहे गं'

हे तुम्ही म्हणणार, माहीत आहे मला. आपल्याकडे टेनिस म्हणजे टेनिस बॉलचं क्रिकेट. एक चांगली रॅकेट घ्यायची तर पंधरा-वीस हजार जातात. ज्या घरात सोयाबीनचा भाव पडला की कॉलेजची फी लांबते, त्या घरातली पोरगी विमानाने स्पर्धा खेळायला कशी जाणार? मान्य. शंभर टक्के मान्य. म्हणूनच मी तुम्हाला 'नीट सोडा, रॅकेट धरा' असं अजिबात सांगणार नाही. असलं सांगणारे लोक स्वतः बहुतेक वेळा घरचे बरे असतात.

माझं म्हणणं वेगळं आहे. टेनिस बाजूला ठेवा. कबड्डी, खो-खो, कुस्ती, धावणं, काहीही घ्या. आपल्याकडे खेळणाऱ्या मुलीला दोनच खाने आहेत. एक तर मेडल आणून फ्लेक्सवर जा, नाहीतर 'टाइमपास बंद कर आणि अभ्यासाला बस'. मधला खानाच नाही. आणि खेळणाऱ्यांपैकी जवळपास सगळे मधल्याच खान्यात असतात. आपल्याला खेळाचा उपयोग माहीत आहे तो दहावी-बारावीच्या वाढीव गुणांपुरता आणि सरकारी नोकरीतल्या ५ टक्के आरक्षणापुरता. सर्टिफिकेट आलं की स्पाइक्स माळ्यावर.

आता एक गोष्ट सांगते, जी लिहावी की नाही याचा मी दोन दिवस विचार केला.

डिग्रीला असताना माझी एक मैत्रीण धावायची. पहाटे पाचला उठून, हॉस्टेलच्या वॉचमनकाकांना गेट उघडायला लावून. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत चांगली पळाली आणि विद्यापीठाच्या संघात निवडली गेली. दुसऱ्या राज्यात आंतरविद्यापीठ स्पर्धा होती. नेमकी त्याच आठवड्यात अंतर्गत परीक्षा. तिने कॉलेजात विनंती केली, माझी परीक्षा नंतर घ्या. उत्तर मिळालं, "तुला काय ऑलिंपिकला जायचंय का?" कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण हे उत्तर कुठल्याही कॉलेजात मिळालं असतं.

ती रात्री माझ्या खोलीत आली. म्हणाली, काय करू? मी म्हणाले, "अगं, तिथे जाऊन तू काही पहिली येणार नाहीस. पेपर दे."

तिने पेपर दिला. पास झाली. आता पुण्यात नोकरी करते, बरं चाललंय तिचं. पण ती पळत नाही. मागच्या महिन्यात फोनवर सहज म्हणाली, "देशातल्या पोरींबरोबर एकदा पळून बघायचं होतं गं. तिसावी आले असते तरी चाललं असतं. मला माझा नंबर तरी कळला असता."

या लेखासाठी प्रार्थनाबद्दल वाचताना मला सारखी तीच आठवत होती. प्रार्थना बार्शीसारख्या गावातून निघाली, तेव्हा 'तू काही पहिली येणार नाहीस' हे वाक्य तिलाही कुणीतरी नक्कीच ऐकवलं असेल. ते वाक्य खरंही होतं! ती पहिली आलीच नाही. पण जगातल्या पहिल्या नंबरच्या खेळाडूच्या शेजारी ऑलिंपिकच्या कोर्टवर उभी राहिली. 'पहिली येणार नाहीस' हे खेळ थांबवायचं कारण मानलं असतं, तर ती बार्शी स्टेशनच्या पुढेही गेली नसती.

मग करायचं काय?

सरकारने हे करावं, विद्यापीठाने ते करावं, अशी यादी द्यायची तर पान पुरणार नाही. तरी एक मागणी हक्काची आहे आणि तिला फार पैसाही लागत नाही. विद्यापीठाच्या संघात निवड झालेल्या विद्यार्थ्याची परीक्षा बुडाली तर ती नंतर घ्या. उपकार म्हणून, प्राचार्यांच्या मूडवर सोडून नव्हे, तर लेखी नियम म्हणून. जिथे असा नियम कागदावर असेल, तिथे तो नोटीस बोर्डवर लावा. विद्यापीठ नांदेडला आहे, उपकेंद्र लातूरला आहे आणि विद्यार्थी संघटना तर आपल्याकडे ढीगभर आहेत. कॅन्टीनच्या समोशावर निवेदन देतो, मग यावर एक द्यायला काय हरकत आहे?

दुसरं, मैदान. संध्याकाळी सातनंतर आपल्या गावातल्या मैदानांवर किती मुली दिसतात ते मोजा. तिथे दिवे लागतात का, स्वच्छतागृह उघडं असतं का, घरी परत जायला रिक्षा मिळते का? मुली खेळ सोडतात, त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

तिसरं आपल्या हातातलं. बघायला जा. सोलापूरला मुलींच्या आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा झाल्या आहेत, पुण्यात डेक्कन जिमखान्यावर होत आल्या आहेत. अशा स्पर्धांना तिकीट सहसा नसतं. लातूरहून सकाळची एसटी पकडली तर दुपारच्या मॅचला सोलापुरात पोहोचता येतं. जगात तीनशेवी, चारशेवी असलेली मुलगी दहा फुटांवरून सर्व्हिस करताना बघा. तो बॉल कसा येतो ते एकदा बघितलं की 'फक्त तीनशेवी' हा शब्द पुन्हा तोंडातून निघणार नाही, याची गॅरंटी माझी.

आणि तेवढं लांब जायचं नसेल तर तुमच्या कॉलेजच्या जिमखान्याबाहेर एक यादी लागलेली असते. कबड्डीची, धावण्याची, कशाचीही. त्यात तुमच्या वर्गातल्या मुलीचं नाव असेल. तिला 'कितवी आलीस?' असं विचारू नका. 'पुढची मॅच कधी आहे?' असं विचारा, आणि शक्य झालं तर त्या दिवशी जा. मी त्या रात्री माझ्या मैत्रिणीला हे विचारलं नव्हतं. तुम्ही विचारा.